आधी लेन्स ठरली, मग कॅमेरा

मला कॅमेरा हवा होता तो एकाच कामासाठी. आमच्या नाटकाच्या गटाच्या तालमी चालतात, त्यांचे फोटो काढायचे होते. खोली लांबट, छताला ट्यूबलाइट, त्यातल्या निम्म्या कायम बंद. नट एका जागी थांबत नाहीत, आणि फ्लॅश चालत नाही, कारण फ्लॅश उडाला की समोरचा माणूस हमखास वाक्य विसरतो. फोनवर काढलेले फोटो लहान दिसतात तोवर बरे वाटायचे. मोठे करून पाहिले की बोटं पुसलेली आणि चेहरा गुळगुळीत. कमी उजेडात फोन पाठोपाठ अनेक फ्रेम घेतो आणि त्या एकात एक मिसळतो. बसलेल्या माणसाला हे मानवतं, संवादाच्या ओघात हात उगारलेल्या माणसाला नाही.

बजेट तुटपुंजं होतं. आकडा सांगून उपयोग नाही, भाव सारखे बदलतात. एवढंच सांगते की नवा कॅमेरा आणि त्यासोबत येणारी लेन्स असा जोड घेतला असता, तर जास्तीची बॅटरी घ्यायलाही काही उरलं नसतं.

ज्याला विचारावं तो एका कॅमेऱ्याचं नाव सांगायचा. मी फोटो कुठे काढणार, हे विचारलं फक्त आमच्या गटात प्रकाशयोजना बघणाऱ्या काकांनी. ते म्हणाले, "अगं, आधी त्या खोलीत उजेड किती आहे ते मोज. कॅमेरा नंतर." मोजायचं कशाने? फोननेच. बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असतो. त्यात शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आणि आयएसओ (मिळालेला उजेड किती वाढवून दाखवायचा) आपल्या हाताने ठरवता येतात. बोलता-चालता माणूस बऱ्यापैकी स्पष्ट यायला शटर १/१२५ सेकंद तरी हवं, असं काकांचं मत. (धावपळ असेल तर १/२५० सुद्धा कमी पडतं, पण आमचं नाटक बोलकं आहे.) १/१२५ वर शटर ठेवलं आणि चेहरे नीट उजळ दिसेपर्यंत आयएसओ वाढवत नेला. १६०० वर गाडी थांबली. फोनच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, एफ १.८; हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. म्हणजे त्या खोलीचा हिशेब झाला: एफ १.८, १/१२५, आयएसओ १६००. हे तीन आकडे कोणत्याही कॅमेऱ्यावर जवळजवळ तसेच लागू पडतात. पुढचे सगळे निर्णय मी या एका ओळीवर घासून घेतले.

पहिला निकाल लागला तो सोबत येणाऱ्या लेन्सचा. १८-५५ मिलिमीटरची (हा आकडा फोकल लेंथचा; तो जितका मोठा, तितकं दृश्य जवळ दिसतं) झूम लेन्स बहुतेक सुरुवातीच्या कॅमेऱ्यांबरोबर मिळते आणि तिच्यावर एफ ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. म्हणजे १८ ला ३.५ आणि झूम करत ५५ ला गेलं की ५.६. उजेडाचा हिशेब या आकड्यांच्या वर्गाने चालतो. ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला तर साडेनऊच्या वर येतो. म्हणजे ५५ वर ती लेन्स एफ १.८ च्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा उजेड आत घेते. आमच्या खोलीत याचा अर्थ १/१२५ च्या जागी १/१३ सेकंद, नाहीतर आयएसओ १६०० च्या जागी साडेपंधरा हजार. १/१३ ला नटाचा हात पंख्यासारखा दिसतो. अशा लेन्समध्ये कंपन रोखणारी यंत्रणा असते, ती चालेल का, असं मी विचारलं. काका हसले. ती यंत्रणा फोटो काढणाऱ्याचा हात सावरते, नाटकातल्या माणसाचा नाही.

मग एक शंका आली आणि ती बरेच दिवस सुटेना. फोनही एफ १.८ च आहे, मग पैसे कशाला घालवायचे? उत्तर फोटोच्या तपशिलात सापडलं. माझ्या फोनच्या लेन्सची खरी फोकल लेंथ चार-साडेचार मिलिमीटर आहे. तिला १.८ ने भागलं की भोक येतं अडीच मिलिमीटरच्याही आतलं. ३५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ ला असेल तर तिचं भोक १९ मिलिमीटरच्या वर जातं. दर चौरस मिलिमीटरवर पडणारा उजेड दोन्हीकडे सारखाच, पण फोनचा सेन्सर, म्हणजे फोटो जिच्यावर उमटतो ती चिप, साधारण २४ चौरस मिलिमीटर आणि एपीएस-सी (सेन्सरचा एक नेहमीचा आकार) कॅमेऱ्याचा ३६५ च्या आसपास. एकूण गोळा होणारा उजेड पंधरापट. आयएसओ १६०० ला फोनवर चेहऱ्याचा तपशील का विरघळतो आणि मोठ्या सेन्सरवर का टिकतो, ते इथे कळलं. त्यानंतर मेगापिक्सेलची चौकशी करणं मी सोडून दिलं.

आता फोकल लेंथ. या बाबतीत लोक ठाम बोलतात. कुणी म्हणतं पहिली लेन्स ५० चीच घे, कुणी म्हणतं ३५ शिवाय पर्याय नाही. मी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन तालमीच्या खोलीत गेले. मी जिथे बसते तिथून नट उभे राहतात त्या जागेपर्यंत पाच मीटर. मागे भिंत, त्यामुळे आणखी सरकायला जागा नाही. सूत्र सोपं आहे: सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंथ, गुणिले अंतर. निकॉन, सोनी, फुजीचे एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ मिलिमीटर रुंद असतात, कॅननचे थोडे कमी, २२.३. पाच मीटरवर ५० च्या लेन्समध्ये निकॉनला २.३५ मीटर रुंदी मावते, कॅननला २.२३. ३५ च्या लेन्समध्ये ३.३६ मीटर. मी खडूने जमिनीवर या रुंदीच्या खुणा केल्या आणि तालीम चालू असताना बघत बसले. २.३५ मध्ये दोन माणसं जेमतेम मावायची आणि तिसरं आलं की कुणाचा तरी खांदा कापला जायचा. ३.३६ मध्ये तिघं-चौघं निवांत. आमच्या नाटकात भांडणं तिघांचीच आहेत.

पुढे-मागे किती पट्टा फोकसमध्ये राहतो, त्याचाही हिशेब करून पाहिला. पाच मीटरवर, एफ १.८ ला, ३५ च्या लेन्सवर साधारण दीड मीटरचा पट्टा स्पष्ट राहतो. ५० वर तो पाऊण मीटरच्याही आत येतो. एक नट पुढे, दुसरा त्याच्या मागे हातभर अंतरावर, अशा दृश्यात हा फरक मोठा आहे. मागची पार्श्वभूमी विरघळलेली दिसावी म्हणून लोक ५० कडे ओढले जातात. माझ्या फोटोत मागे उभा असलेला माणूसही नाटकातलाच असतो. त्याला विरघळवून कसं चालेल?

एपीएस-सीवर ३५, एफ १.८ एवढं नक्की झालं तेव्हा कॅमेऱ्यांची यादी आपोआप आखूड झाली. कॅननची ५० एफ १.८, २०१५ साली आलेली एसटीएम, स्वस्तात सहज मिळते. पण ती ५० ची. त्यांची २४ एफ २.८ ही चपटी छोटी लेन्स कोन चांगला देते, पण १.८ च्या तुलनेत उजेड निम्म्याहून कमी घेते. मायक्रो फोर थर्ड्‌स या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर पॅनासॉनिकची २५ एफ १.७ मला मनापासून आवडली. त्या सेन्सरची रुंदी १७.३, म्हणजे पाच मीटरवर जवळपास साडेतीन मीटर, हवी तशीच. कॅमेरेही हलके, आणि काही मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर असल्यामुळे आवाज शून्य. तालमीत आवाज नसणं ही चैन नाही, गरज आहे. अडलं ते आमच्या दिव्यांपाशी. ५० हर्ट्‌झच्या विजेवर जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. तशा कॅमेऱ्यांचं इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, त्यामुळे फोटोवर आडवे पट्टे उमटतात. एका ओळखीच्या मुलाने त्याचा कॅमेरा आणून दाखवला. पट्टे स्पष्ट होते. यांत्रिक शटर वापरलं की पट्टे गेले, पण मग शांततेचा फायदाही गेला. शिवाय तो सेन्सर एपीएस-सीहून लहान. नाइलाजाने नाव खोडलं.

सोनीचा ए६००० तोवर जुन्या बाजारात स्वस्त झाला होता. त्याच्या माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, सेन्सरचं अंतर फक्त १८ मिलिमीटर, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर लावून जगातली जवळपास कुठलीही जुनी फिल्मच्या काळातली लेन्स त्यावर चढते. कमी पैशात प्रयोग करणाऱ्यासाठी याहून मजेची गोष्ट नाही. पण त्या लेन्सना फोकस हाताने करावा लागतो, आणि चालत्या तालमीत ते माझ्याच्याने होणार नव्हतं. ऑटोफोकसवाली सोनीचीच ३५ एफ १.८ जुनी घेतली तरी माझं अर्ध्याहून जास्त बजेट खात होती.

राहिली निकॉनची ३५ एफ १.८ डीएक्स (एपीएस-सीला निकॉनचं नाव), २००९ साली आलेली. छोटी, साधी, आणि इतक्या लोकांनी घेतलेली की जुन्या बाजारात तिची कमतरता नाही. आत आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचा काळ सरला, कंपन्यांनी सगळं लक्ष बिनआरशाच्या मिररलेसकडे वळवलं, हे मला तीन-चार जणांनी काळजीच्या सुरात सांगितलं. खरं आहे. पण काळ सरलेल्या वस्तूच हात आखडलेल्या माणसाला परवडतात. लोक नव्याकडे जातात तेव्हा चांगल्या लेन्स विकून जातात.

बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, निवडताना दोन गोष्टींनी पारडं झुकवलं. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या छोट्या बॉडीत फोकसची मोटर नसते. ज्या लेन्सच्या पोटात मोटर आहे त्याच तिथे ऑटोफोकस करतात, बिनमोटरच्या जुन्या एएफ-डी लेन्स हातानेच फिरवाव्या लागतात. माझ्या ३५ ला मोटर होतीच, पण पुढे कधी स्वस्तातली जुनी ५० एफ १.८ डी घ्यावीशी वाटली तर? दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) फोटो काढताना फोकस ठरवतो तो वेगळा सेन्सर, फोटो उमटतो तो वेगळा. दोघांत केसभर फरक असला की फोकस डोळ्यांऐवजी कानावर बसतो. एफ ५.६ ला हे खपून जातं, १.८ ला उघडं पडतं. तो फरक कॅमेऱ्यातच दुरुस्त करायची सोय निकॉनच्याच डी७००० मध्ये आहे, छोट्या बॉडीत नाही. मिररलेसमध्ये फोकस मूळ सेन्सरवरच ठरत असल्याने हा प्रश्नच सहसा येत नाही, हेही सांगायला हवं.

डी७००० हा २०१० चा कॅमेरा. १६ मेगापिक्सेल म्हणजे ४९२८ बाय ३२६४. एवढ्यात ए३ आकाराचा छाप ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) जवळपास निघतो. आमच्या नाटकाचं पोस्टर त्याहून मोठं कधी छापलंच नाही. आयएसओ नेहमीच्या मर्यादेत ६४०० पर्यंत जातो, मला १६०० हवा होता. दोन चकत्या आहेत, एक शटरची आणि एक अ‍ॅपर्चरची, त्यामुळे मेन्यूत शिरावं लागत नाही. अंधुक उजेडात हे फार सोयीचं पडतं. वजन मात्र चांगलंच आहे, बॅटरीसकट पाऊण किलोच्या वर.

जुना माल बघायला जाताना मी टॉर्च, एक मेमरी कार्ड आणि वर्तमानपत्राचं पान बरोबर ठेवायची. त्याआधी विकणाऱ्याकडून कॅमेऱ्यातून थेट काढलेली एक फाइल मागवायची. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नाही, तर डॉक्युमेंट म्हणून. नाहीतर आतली माहिती गळून जाते. निकॉनच्या फाइलमध्ये शटर किती वेळा उघडलं तो आकडा लिहिलेला असतो. डी७००० चं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. तो आकडा ओलांडला की शटर बंद पडतं असं नाही, पण घासाघीस करायला आधार मिळतो. "अगदी कमी वापरलाय हो," असं सांगणाऱ्या एका गृहस्थांची फाइल लाखाच्या पुढचा आकडा सांगत होती. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणाले, "कमीच की."

लेन्स बघायची तर दोन्ही झाकणं काढून, मागून टॉर्चचा उजेड टाकून, समोरून तिरकं. धुळीचे दोन-चार कण सगळ्यांच्याच पोटात असतात, त्यांनी फोटोला काही होत नाही. बघायचं असतं ते काचेवर पसरलेलं कोळिष्टकासारखं बारीक जाळं, म्हणजे बुरशी. मी पाहिलेल्या पहिल्याच ३५ मध्ये ती होती, कडेला, नखाएवढी. विकणारा म्हणाला, फोटोत दिसत नाही. आज दिसत नसेल, पण दमट कपाटात ती वाढते आणि काचेवरचा लेप खाते. तशीच परत ठेवली. मग अ‍ॅपर्चरची पाती. या लेन्सला अ‍ॅपर्चरची कडी नाही, पण मागे माउंटपाशी एक छोटी कळ असते. ती बोटाने हळूच सरकवून सोडली की पाती खटकन जागेवर यायला हवीत. रेंगाळली तर त्यांच्यावर तेल आलेलं असतं, आणि मग फोटो कधी जास्त उजळ, कधी बरोबर, असा खेळ सुरू होतो.

बॉडीत सेन्सर तपासायचा. अ‍ॅपर्चर एफ १६ करून पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकस बिघडवलेला फोटो काढला की सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. ठिपके धुऊन निघतात, ओरखडे नाही. झाकण लावून काही सेकंदांचा फोटो काढला की जळके पिक्सेल चमकतात. मी घेतलेल्या बॉडीत दोन-तीन होते. चालायचंच. मागच्या बाजूचं रबर थोडं सुटलं होतं, ते मी भाव कमी करायला वापरलं आणि घरी येऊन चिकटपट्टीने बसवलं. कार्डांच्या दोन्ही खाचा, फ्लॅश, सगळी बटणं आणि चार्जर या गोष्टी पाच मिनिटांत होतात. चार्जर मूळचा आहे का, एवढं बघा.

शेवटी वर्तमानपत्र. पान टेबलावर आडवं ठेवायचं, कॅमेरा तिरका धरायचा, एफ १.८ वर एका ठरलेल्या ओळीवर फोकस करायचा. एकदा व्ह्यूफाइंडरमधून, एकदा लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून. लाइव्ह व्ह्यूत फोकस मूळ सेन्सरवरून होतो, त्यामुळे तो प्रमाण मानायचा. माझ्या जोडीत व्ह्यूफाइंडरचा फोकस ओळीच्या थोडा मागे पडत होता. विकणाऱ्याला वाटलं आता मी उठून जाणार. पण याचसाठी तर ही बॉडी शोधली होती. मेन्यूत फाइन ट्यूनचा, म्हणजे त्या दुरुस्तीचा, आकडा उणे बाजूला नेत गेले, उणे ८ वर ओळ जागेवर आली. बॉडी त्यांच्याकडून घेतली. लेन्स दुसरीकडून घेतली होती, ती मी सोबतच नेली होती. त्यामुळे तपासणी जोडीचीच झाली.

पैशांची वाटणी शेवटी अशी झाली: साधारण निम्मे बॉडीला, तिसरा हिस्सा लेन्सला, उरलेल्यात जास्तीची बॅटरी, दोन कार्डं, हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पाकिटं. पिशवी घेतली नाही. डबाच पाठपिशवीत मावतो.

तालमीत कॅमेरा आला तेव्हा पहिला आक्षेप आवाजाचा. आरसा वर जाऊन खाली आपटतो, तो खटका शांत प्रसंगात ऐकू जातो. डी७००० मध्ये क्यू नावाचा शांत मोड आहे. त्यात बटण दाबून धरलं तर आरसा वरच थांबतो, सोडलं की खाली येतो. त्यामुळे फोटो निघतो वाक्याच्या मध्ये आणि आरसा खाली येतो वाक्य संपल्यावर, कुणीतरी मोठ्याने बोलत असताना. सवय व्हायला वेळ लागला, पण आता दिग्दर्शक मान वळवून बघत नाहीत. ट्यूबलाइटचा त्रास यांत्रिक शटरलाही थोडा होतोच. १/१२५ ला एक फोटो पिवळट, पुढचा निळसर, असं व्हायचं, कारण दिव्याचं एक पूर्ण आवर्तन १/१०० सेकंदाचं आणि शटर त्याआधीच मिटत होतं. शटर १/१०० वर आणलं आणि रंग स्थिरावले. वीज ६० हर्ट्‌झची असेल तिथे १/१२५ चालून जातं. अ‍ॅपर्चर आता मी एफ २ ठेवते, आयएसओ १६००. फाइल रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या माहितीसकट) घेते, कारण ट्यूबलाइटचा हिरवा रंग नंतर काढता येतो. मोठं करून पाहिलं तर दाणा दिसतो, पण बोटं बोटांसारखी दिसतात.

आता प्रयोग जवळ आलाय आणि दिग्दर्शकांना प्रेक्षागृहातूनही फोटो हवे आहेत. पुन्हा टेप काढली. मला मिळणाऱ्या जागेपासून रंगमंच दहा मीटर. ३५ ला तिथे पावणेसात मीटर रुंदी येते, म्हणजे सगळा रंगमंच, पण चेहरे बारीक. ८५ एफ १.८ ला पावणेतीन मीटर. विकत घेण्याइतकं तिचं काम वर्षभरात पडणार नाही, म्हणून प्रयोगाच्या दिवसापुरती भाड्याने मिळते का ते विचारून ठेवलंय. उजेड मात्र काकांच्या हातात आहे, आणि दुसऱ्या अंकातला तो निळा प्रवेश किंचित उजळ करायला ते काही तयार नाहीत.